शेवटच्या ओळीतले शून्य

एका विमान कंपनीच्या नियोजन विभागात मी 11 वर्षे काम केले आणि त्यांपैकी बहुतेक काळ माझ्या टेबलावर एकच तक्ता होता. आडव्या दिशेने पुढचे 24 महिने. उभ्या दिशेने विमानांची संख्या, प्रत्येक विमान दिवसाला सरासरी किती तास उडेल, त्यासाठी किती कॅप्टन आणि किती फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, लागतील, त्यांतले किती निवृत्त होतील, किती रजेवर असतील, किती प्रशिक्षणात अडकलेले असतील, आणि हे सारे बेरीज-वजाबाकीतून गाळून झाल्यावर अगदी तळाशी 'नवीन भरती' नावाची एक ओळ. एप्रिल 2020 मध्ये त्या ओळीतल्या 24 चौकटींत मी एकामागून एक शून्य भरत गेले. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावाची नोकरी गेली. तो वैमानिक, माझ्या नव्हे, दुसऱ्या कंपनीत. त्याच्या नावाची वजाबाकी निदान माझ्या हातून झाली नव्हती, एवढाच काय तो मला त्या वेळी आधार वाटला. पुढची दोन वर्षे दर रविवारी त्याचा फोन येई. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या की तो थोडा थांबे आणि विचारी, "ताई, काही हललं का?"

या प्रश्नाचे उत्तर प्रवाशांच्या संख्येत असते, असे त्यालाही वाटत असे आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांनाच वाटत असे. लोक पुन्हा प्रवास करू लागतील, मग विमाने उडतील, मग वैमानिक लागतील. साखळी इतकी सरळ दिसते की तिच्यावर शंका घेणेही चमत्कारिक वाटते. 2019 मध्ये जगभरात सुमारे 450 कोटी विमानप्रवासी होते आणि 2020 मध्ये ते 180 कोटींच्या आसपास आले. तो एप्रिल तर असा होता की आदल्या वर्षीच्या एप्रिलशी ताडून पाहता जगाची प्रवासी मागणी 94 टक्क्यांनी कोसळलेली होती आणि 16,000 हून अधिक प्रवासी विमाने वाळवंटांत, बंद धावपट्ट्यांवर, जागा मिळेल तिथे उभी केलेली होती. अशा वेळी भाऊ रोज सकाळी विमानतळांवरच्या प्रवासीसंख्येचे आकडे पाहत बसे आणि त्यांत हजार-दोन हजारांची वाढ दिसली की त्याचा आवाज बदले. मी त्याला निराश करायला नको म्हणून गप्प बसत असे, कारण माझ्या तक्त्यात प्रवासी नावाची ओळच नव्हती.

ती का नव्हती, हे एका उदाहरणाने सांगते. समजा, एका कंपनीकडे 50 विमाने आहेत आणि प्रत्येक विमान दिवसाला 12 तास उडते. एका विमानाचे वर्षाला 4,380 तास झाले आणि प्रत्येक उड्डाणाला दोन वैमानिक, म्हणजे 8,760 वैमानिक-तास. नियम अनेक ठिकाणी वर्षाला 900 ते 1,000 तासांपर्यंत उडू देतात, पण रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि रोस्टरमधला, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकातला, अपरिहार्य अपव्यय धरला तर एक वैमानिक प्रत्यक्षात 750 तासांच्या आसपास भरतो. भागाकार केला की एका विमानामागे सुमारे 12 वैमानिक निघतात आणि 50 विमानांना 584. आता मंदी आली आणि विमाने दिवसाला 6 तासच उडू लागली, तर गरज बरोबर अर्धी, म्हणजे 292 वैमानिकांची होते. परंतु शहाणी कंपनी 292 वर येत नाही. काहींना काढते, काहींना बिनपगारी रजेवर पाठवते, बाकीच्यांचा पगार आणि तास कापते आणि, समजा, 480 जणांना धरून ठेवते. या 480 जणांच्या वाट्याला आता वर्षाला साडेचारशेच्या आसपास तास येतात. म्हणजे त्यांच्या अंगात जवळजवळ तीनशे तासांची रिकामी जागा आहे. प्रवासी परत येतात, विमाने 7 तास उडू लागतात, मग 8, मग 9, आणि हे सगळे तास त्या रिकाम्या जागेत मुरत जातात. जुने 480 वैमानिक पुन्हा पूर्ण तास उडू लागतात तेव्हा विमाने दिवसाला जवळपास 10 तास उडत असतात. थोडक्यात, या कंपनीचे पाच-षष्ठांश उड्डाण परत आलेले असते, विमानतळ गजबजलेले असतात, वर्तमानपत्रांत 'विमानप्रवास पूर्वपदावर' असे मथळे झळकत असतात, आणि तळाच्या ओळीत अजून शून्यच असते.

वैमानिकांना हे कळत नाही असे नव्हे. फक्त ज्याची नोकरी गेली आहे त्याला दुसऱ्याच्या अंगातले रिकामे तास दिसत नाहीत.

शून्य पुसले जाण्याआधी आणखी एक रांग सरकावी लागते आणि तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी अर्ध्या पगारावर असलेले पूर्ण पगारावर येतात, मग बिनपगारी रजेवरचे परततात, मग ज्यांना काढले होते त्यांना ज्येष्ठता यादीच्या क्रमाने बोलावणी जातात. त्यानंतर दार बाहेरच्यांसाठी किलकिले होते. त्यातही त्याच जातीच्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची खास पात्रता, आणि अलीकडचा अनुभव असलेले पुढे, दुसऱ्या विमानांवरचे अनुभवी त्यांच्या मागे, आणि शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुले सगळ्यांत शेवटी. या क्रमाला वैमानिकांच्या जगात जवळपास धर्माचे स्थान आहे. एसएएस या स्कँडिनेव्हियातील कंपनीने महामारीत 560 वैमानिक कमी केले आणि पुढे गरज लागली तेव्हा त्यांना आधी परत घेण्याऐवजी आपल्या दोन नव्या उपकंपन्यांमधून नव्या अटींवर भरती करायचे ठरवले. परिणामी 4 जुलै 2022 पासून ऐन सुट्टीच्या मोसमात पंधरवडाभर संप झाला आणि 450 जणांना परत घेण्याच्या आश्वासनासह तो मिटला. कंपनीच्या बाजूने पाहिले तर तो हिशेब मला समजतो, मी असे अनेक हिशेब स्वतः मांडले आहेत; पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला डावलून त्याच्या मागच्याला आत घ्यायचे म्हटले की आकड्यांपलीकडचे काही तरी मोडते, हेही तितकेच खरे आहे.

रांग किती लांबू शकते, याचे उदाहरण मी भावाला कधी सांगितले नाही. सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी हजारो वैमानिकांना सक्तीच्या रजेवर पाठवले. पाठोपाठ दिवाळखोऱ्या आल्या: 2002 मध्ये यूएस एअरवेज आणि युनायटेड, 14 सप्टेंबर 2005 या एकाच दिवशी डेल्टा आणि नॉर्थवेस्ट. बोलावणी सुरू होऊन काही जण परत कॉकपिटमध्ये बसतात न बसतात तोच जुलै 2008 मध्ये खनिज तेल पिंपाला 147 डॉलरांवर गेले, त्याच वर्षी बँका कोसळल्या आणि युनायटेडमध्ये सुमारे 1,400 वैमानिक पुन्हा घरी बसले. त्यांतल्या अनेकांची ती दुसरी खेप होती. मात्र मला या सगळ्या कहाणीत सर्वांत क्रूर वाटते ती 13 डिसेंबर 2007 ही तारीख. त्या दिवशी अमेरिकेने वैमानिकांच्या निवृत्तीचे वय 60 वरून 65 केले. साठीच्या उंबऱ्यावरच्या कॅप्टनना पाच वर्षे मिळाली, ती त्यांनी आनंदाने घेतली, आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाची पाच वर्षे त्याच कागदाने काढून घेतली. निवृत्ती ही माझ्या तक्त्यातली सर्वांत विश्वासू ओळ असते, कारण माणसाचा वाढदिवस मंदी पाहून पुढे ढकलला जात नाही. पण कायद्याने तीही एका सहीत पाच वर्षे रिकामी होऊ शकते, हे त्या तारखेने दाखवून दिले.

याच्या उलट 2020 मध्ये घडले. पैसे वाचवायचे म्हणून अनेक कंपन्यांनी ज्येष्ठांना मुदतीआधी निवृत्तीचे प्रस्ताव दिले. एकट्या डेल्टाचे सुमारे 1,800 वैमानिक असे बाहेर पडले. एक वरिष्ठ कॅप्टन गेला की एक जागा रिकामी होते असे बाहेरून वाटते, परंतु आतून पाहणाऱ्याला माहीत असते की त्याच्या मोठ्या विमानावर दुसऱ्या ताफ्यातला कॅप्टन येतो, त्याच्या जागी एका फर्स्ट ऑफिसरला बढती मिळते, त्या फर्स्ट ऑफिसरच्या जागी तिसऱ्याच विमानावरचा कोणी येतो आणि या प्रत्येक पायरीला प्रशिक्षण लागते. एका माणसाच्या जाण्यातून चार-पाच जणांचे सिम्युलेटरवरचे, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधले, अभ्यासक्रम जन्माला येतात आणि सर्वांत खालच्या टोकाला एक नवा माणूस. ज्या कंपन्यांनी 2020 मध्ये अशी ज्येष्ठ माणसे सोडली, त्यांना भरतीची घाईही इतरांच्या आधी झाली. युनायटेडने 2021 च्या वसंतातच 300 वैमानिक घेण्याचे जाहीर केले आणि डेल्टानेही त्याच वर्षी दारे उघडली, तेव्हा जगाची एकूण प्रवासी मागणी 2019 च्या निम्म्यानेही भरलेली नव्हती. कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबर 2020 मध्ये आपली कॅथे ड्रॅगन ही उपकंपनी बंद करून हजारो नोकऱ्या कापल्या, आणि 2023 च्या अखेरीस कॅथे पॅसिफिकवरच वैमानिक कमी पडल्यामुळे ऐन सुट्टीत उड्डाणे रद्द करायची वेळ आली. कापताना हात सैल सुटला की जोडताना दोरा पुरत नाही. आमच्या विभागात हे सगळ्यांना ठाऊक असे, पण कपातीच्या बैठकीत पुढच्या तिमाहीचे आकडे टेबलावर असताना तीन वर्षांनंतरच्या टंचाईबद्दल बोलणारा माणूस वेडा ठरतो. मी एकदा बोलून पाहिले होते. टंचाईची माझी ओळ शांतपणे लपवून ठेवण्यात आली; एक्सेलमध्ये ओळी लपवण्याची सोय असते.

दरम्यान रांगेतला माणूस नुसता थांबून राहू शकत नाही, कारण वैमानिकाची पात्रता दुधासारखी नासते. प्रवासी घेऊन उडायचे तर मागच्या 90 दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झालेली असावी लागतात. टाइप रेटिंग जिवंत ठेवायला ठरावीक मुदतीत सिम्युलेटरमध्ये तपासणी द्यावी लागते, वैद्यकीय तपासणी दर वर्षी, वय वाढले की काही ठिकाणी दर सहा महिन्यांनी. नोकरीत असताना हे सारे कंपनी भरते आणि वैमानिकाला त्याची किंमतही कळत नाही. नोकरी सुटली की प्रत्येक तारखेला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. भावाने पहिल्या वर्षी रेटिंग टिकवले. दुसऱ्या वर्षी त्याने वैद्यकीय तपासणी तेवढी चालू ठेवली आणि रेटिंग सोडून दिले. तो पार्सले पोचवण्याचे काम करी आणि रात्री भिंतीवर चिकटवलेल्या कॉकपिटच्या कागदी पोस्टरसमोर खुर्ची ओढून बसे. एका-एका बटणावर बोट ठेवत, चेकलिस्ट मोठ्याने म्हणत. दोन जणांचे संवाद तो एकटाच म्हणत असे. एकदा व्हिडिओ कॉलवर मी दुसऱ्या वैमानिकाचे शब्द वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू फार घाई करतेस." त्याच्या लॉगबुकातली शेवटची नोंद मार्च 2020 ची होती, आणि कॅप्टन होण्याआधी ज्या हजारो तासांचा त्याला अभिमान वाटे, त्यांच्यापेक्षा ती एक तारीख आता अधिक बोलत होती, कारण जाहिराती येऊ लागल्या तेव्हा त्यांत बहुतेक ठिकाणी अट होती ती गेल्या बारा महिन्यांतल्या अनुभवाची. मंदीमुळे ज्याला उडता आले नाही, त्याला मंदीत उडला नाहीस म्हणून नाकारायचे, यातला विनोद जाहिरात लिहिणाऱ्याला जाणवत नसावा.

त्याला मोठमोठे अंदाज पाठवणारे मित्र खूप होते. विमान बनवणाऱ्या कंपन्या दर वर्षी पुढच्या वीस वर्षांत जगाला किती वैमानिक लागतील याचा आकडा प्रसिद्ध करतात. बोइंगचा 2024 मधला आकडा 6,74,000 होता. हे आकडे खोटे असतात असे मी म्हणत नाही, पण वीस वर्षांची सरासरी ही घरभाडे भरायच्या महिन्याला काहीच सांगत नाही. शिवाय तो अंदाज ज्याने केला आहे त्याला विमाने विकायची असतात, आणि तो वाचून कर्ज काढणारी मुले पाहून ज्यांचे पोट भरते त्या उड्डाणशाळा तो सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतात. विमानांचाच भरवसा किती असतो, ते पुढे 2024 मध्ये दिसले. त्या वर्षी जगाची प्रवासी मागणी 2019 ला मागे टाकून गेली, विमाने भरलेली होती, तरी अमेरिकेत भरती आटली; कारण जानेवारीत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला फलक हवेत निखळल्यानंतर बोइंगची उत्पादनवाढ नियामकांनी रोखून धरली आणि युनायटेड व साउथवेस्ट यांना ठरलेली विमाने वेळेत मिळेनात. त्याआधी जुलै 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या एका जातीच्या इंजिनांच्या भागांत धातूच्या भुकटीचा दोष सापडला होता, त्यामुळे एअरबसची शेकडो ए320निओ जातीची विमाने तपासणीसाठी उभी राहिली आणि स्पिरिटसारख्या कंपनीने वैमानिकांना घरी पाठवले. प्रवासी आहेत, तिकिटे विकली जात आहेत, पण विमान नाही. वैमानिक विमानाला लागतो, प्रवाशाला नव्हे.

सप्टेंबर 2021 मध्ये एका मंगळवारी माझ्या तक्त्यातले शून्य गेले. पुढच्या मार्चच्या चौकटीखाली 14 हा आकडा आला. मी सूत्रे दोनदा तपासली, निवृत्तीच्या तारखा पुन्हा भरल्या, विमानांच्या परतीचे वेळापत्रक ताडून पाहिले. आकडा 14 च राहिला. नव्या माणसाला घेतल्यापासून तो प्रशिक्षकाविना, फर्स्ट ऑफिसरच्या जबाबदारीने प्रवासी घेऊन उडेपर्यंत चार ते सहा महिने जातात: आधी वर्गातले शिक्षण, मग टाइप रेटिंगचे सहा-आठ आठवडे, मग प्रशिक्षक-कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांवरचे शिक्षण. म्हणून उन्हाळ्याच्या गर्दीसाठी माणूस हवा असेल तर निर्णय हिवाळ्याच्या आधीच घ्यावा लागतो, बाहेर कोणालाही तशी चाहूल नसताना. रिकामे तास भरती लांबवतात आणि प्रशिक्षणाची लांबी तिला अलीकडे ओढते; माझे सगळे काम या दोहोंच्या मध्ये कुठे तरी एक महिना शोधण्याचे होते. त्या रविवारी भावाने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी म्हटले, "अजून काही सांगता येत नाही." हे शब्दशः खरे होते. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही होती, आणि तो आकडा वरच्या मजल्यावर जाऊन 14 चा पुन्हा शून्य होणे मी पूर्वी पाहिलेले होते. तरी फोन ठेवल्यावर मला बराच वेळ काही सुचले नाही.

मग मी एक पळवाट काढली. आकडा सांगता येत नव्हता, पण आकडे कुठे उमटतात हे सांगायला कोणाची बंदी नव्हती. पुढच्या रविवारी मी त्याला म्हटले, प्रवासीसंख्या पाहणे सोड. कंपन्यांच्या प्रमुखांच्या मुलाखतीही सोड. ते गुंतवणूकदारांशी बोलत असतात. प्रशिक्षक-कॅप्टन परत कामावर आले का, ते विचार, कारण शिकवणाऱ्याला आधी स्वतःची पात्रता ताजी करावी लागते आणि तो आल्याशिवाय कोणीही शिकू शकत नाही. सिम्युलेटर-केंद्रावर ओळखीचे कोणी असेल तर त्याला एवढेच विचार की रात्रीचे स्लॉट भरतात का. सिम्युलेटर हे महागडे यंत्र आहे. ते चार-चार तासांच्या पाळ्यांनी जवळजवळ दिवसभर चालते. मंदीत सकाळी दहाचा स्लॉटही सहज मिळतो, कारण फक्त नोकरीतल्यांच्या नियमित तपासण्या चालू असतात. मग परतलेल्यांच्या उजळण्या सुरू होतात आणि संध्याकाळ भरते. बढत्यांचे आणि ताफाबदलांचे अभ्यासक्रम आले की रात्री दहाचा स्लॉट जातो. आणि रात्री दोन ते सहा ही कोणालाच नको असलेली वेळ भरू लागली, म्हणजे समजायचे की रांगेत नवखे येऊन उभे राहिले आहेत; कारण सर्वांत कनिष्ठ माणसाला सर्वांत वाईट वेळ मिळते आणि नव्या भरतीहून कनिष्ठ कोणी नसते. त्याने हे सगळे लिहून घेतले. मध्येच थांबून त्याने विचारले, "ताई, तू हे आजच का सांगते आहेस?" मी म्हटले, "सहज." तो काही बोलला नाही.

त्यानंतर त्याचे रविवारचे फोन बदलले. "काही हललं का" हा प्रश्न बंद झाला आणि त्याच्या जागी बातम्या येऊ लागल्या: अमुक केंद्रावर बंद ठेवलेले दुसरे यंत्र चालू केले, तमुक कंपनीचे सहा प्रशिक्षक परतले, संध्याकाळचा स्लॉट मागितला तर तीन आठवडे थांबायला सांगितले. जानेवारीत त्याने उसने पैसे घेऊन रेटिंग पुन्हा ताजे केले. मी त्याला थांब म्हटले नाही आणि कर असेही म्हटले नाही. माझ्या कंपनीचे 14 वरच्या मजल्यावर जाऊन आठ झाले होते, एप्रिलवर ढकलले गेले होते, आणि ते आठही आमच्याच जुन्या माणसांतून भरायचे ठरले होते. त्याला बोलावणे आले ते तिसऱ्याच कंपनीकडून, मे 2022 मध्ये, फर्स्ट ऑफिसर म्हणून आणि पूर्वीपेक्षा कमी पगारावर. ज्येष्ठता यादीत तो आता त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या मुलीच्या खाली होता.

जूनमधल्या एका संध्याकाळी, रविवार नसताना, त्याचा फोन आला.

"ताई, सिमचा पहिला स्लॉट मिळाला. रात्री दोन ते सहा."

"बदलून मिळतो का बघ ना," मी म्हटले, "पहिलाच दिवस आहे."

"विचारलं," तो म्हणाला, आणि हसला. "सगळे भरलेत."